केसांतलं तूस

सोलापुरात नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं. आलं की अख्खी गल्ली आपापल्या मोटारी लावून एकाच पायपाच्या नरड्याला झोंबते, आणि त्या झोंबाझोंबीत दर खेपेला एखादी मोटार धारातीर्थी पडते. म्हणून माझ्यासारख्या मोटार दुरुस्त करणाऱ्याला या गावात पुजाऱ्याच्या वर मान आहे. लोक मला न्यायला रिक्षा पाठवतात. एकानं तर वरात थांबवून नवरदेवाखालचं घोडं पाठवलं होतं. पाठवलं नव्हतं, पण जवळ असतं तर पाठवलं असतं.

परवा बोलावणं आलं ते पूर्व भागातून, नरसम्माच्या घरून. नरसम्मा म्हणजे माझी एके काळची घरमालकीण. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि मांडीवर कायम सूप. सुपात तेंदूची पानं, तंबाखू आणि दोऱ्याचं रीळ. दिवसाला हजार बिड्या वळायची. मी गल्लीबाहेर सांगताना दहा हजार सांगायचो. आता तिचे डोळे गेलेत, पण बोटांना त्याची कुणी खबर दिलेली नाही, ती चालूच आहेत.

"कोण, अब्बाया?" तिनं पावलांवरूनच ओळखलं. अब्बाया म्हणजे पोरा. चाळिशी ओलांडली तरी मी तिचा अब्बायाच. "आधी वर जा. टाकीचा कॉक बंद कर. मग मोटारीचं बघ."

टाकीकडं जायचं म्हणजे माडीवरच्या पत्र्याच्या खोलीतून. दहा वर्षांत मी या घरी पाच-सहा वेळा आलो असेन, पण दर वेळी काम जिन्याखालीच भागलं होतं. वर मी या वेळी पहिल्यांदा गेलो. दार ढकललं. खोलीत पानांची पोती रचलेली. तेंदूच्या पानाचा ओलसर, तुरट वास, त्याखाली तंबाखूचा, आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, शेजारच्या मागांच्या शेडमधून येणारा, सुताच्या खळीचा. माग चालू होते. खटक-खटक, खटक-खटक. कॉक बंद करायला दोन मिनिटं पुरतात. मी पोत्यावर बसलो तो बराच वेळ उठलो नाही.

या खोलीत मी आणि वैशाली एक वर्ष राहिलो. लग्नाआधी.

आता शहरातली पोरं त्याला इंग्रजी नाव देतात आणि फोटो टाकतात. आमच्याकडं त्याला नाव नव्हतं, म्हणून आम्ही कारखान्यातलंच उचललं होतं: ट्रायल. नवा माग बसवला की आधी ट्रायल घेतात, मग माल लावतात. वैशाली अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात चेकर होती. नवा टॉवेल आला की ती तो तीनदा धुवायची, वाळवायची, फूटपट्टी लावून किती आटला बघायची, पांढऱ्या फडक्यावर घासून रंग जातो का बघायची. मी दुसऱ्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांचा डॉक्टर. आमच्या कारखान्यात फक्त हॉटेलचे पांढरे टॉवेल निघायचे. चहाच्या गाड्यावर आमची ओळख झाली, आणि मी तिला सांगितलं की आमचा एक टॉवेल इतका लांब निघाला होता की तो घडी घालायला माणसं होटगीपर्यंत उभी करावी लागली. ती हसली नाही. म्हणाली, "आटल्यावर किती राहिला?"

तिथंच मी खलास झालो.

लग्नाचं मी विचारलं तर म्हणाली, "टॉवेल मी धुतल्याशिवाय पास करत नाही. माणूस कसा करू?"

हे ती गमतीत बोलली नव्हती. ती कुर्डुवाडीची. वडील रेल्वेत, घरात घड्याळ बंद पडलं तरी चालायचं, कारण जेवणं गाड्यांच्या वेळांवर व्हायची. अशा घरातल्या तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न वीस मिनिटांत ठरलं. बशीतले पोहे निवायच्या आत. तीन वर्षांनी बहीण माहेरी परत आली तेव्हा तिला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. एवढंच वैशालीनं सांगितलं. पुढचं मी विचारलं नाही.

आमच्याकडं सांगोल्याच्या बाजूला मेंढरं. मी तिला म्हणालो, "आमचा आज्जा कुत्रं एका दिवसात कधी ठेवून घ्यायचा न्हाय. एक पावसाळा मेंढरांमागं फिरवायचा, मग ठरवायचा."

"म्हणजे मी कुत्रं?"

"छे, छे. कुत्रं मी की. मेंढरं तुझी."

"मग एक पावसाळा पुरायचा नाही," ती म्हणाली. "तुझा रंग बघता वर्ष लागेल."

सिद्धेश्वराची जत्रा, जिला आम्ही गड्डा म्हणतो, तिथं तिनं कटलरीच्या दुकानातून काळे मणी घेतले, गल्लीसाठी. आणि ठरलं: या गड्ड्यापासून पुढच्या गड्ड्यापर्यंत. मग एक तर रजिस्टर लग्न, नाही तर रामराम. मणी गळ्यात अडकवताना तिनं एक अट घातली. एकच.

"बाहेर लागेल तेवढं खोटं बोलू. आपल्याला खोली मिळायला पाहिजे. पण उंबऱ्याच्या आत एकही नाही. आत मला खरं पाहिजे, कसलंही असू दे."

"कबूल," मी म्हणालो, आणि खोटं बोललो नव्हतो.

बाहेरच्या खात्याचं काम अर्थात माझ्याकडं आलं. पहिल्याच दिवशी नरसम्मानं सूप बाजूला ठेवून विचारलं, "लग्नाचा फोटो?" झालं, मला तेवढंच पाहिजे होतं. मी सांगितलं, आमचं लग्न कुर्डुवाडीच्या फलाटावर लागलं. वऱ्हाड मेंढरांसकट मालगाडीतून आलं. अंतरपाट धरायला धोतर कमी पडलं म्हणून गार्डानं लाल झेंडा दिला, आणि मंगलाष्टकं संपल्यावर हिरवा दाखवला. फोटोंचं कार्ड आमच्या एडक्यानं खाल्लं. तो अजून अधूनमधून चमकतो. नरसम्मा तोंडाला पदर लावून हसली आणि खोली दिली. आठवड्यात ते लग्न गल्लीभर झालं. समोरचा इस्त्रीवाला तर सांगायचा की तो त्या गाडीत होता. मी त्याला खोटं पाडलं नाही. वऱ्हाडात माणूस वाढला तर आपलं काय जातं?

गल्लीत ती मला "अहो" म्हणायची. जिना चढून दाराची कडी लावली की "अरे". त्या दोन अक्षरांत आमचं घर होतं. दिवसभर दहा-दहा वेळा अहो ऐकून कान बधिर झालेले असायचे, आणि मग आत आल्यावर ती पदर खुंटीला टाकावा तसं ते अहो काढून टाकायची, "अरे, पाणी दे." मला अजून कुणी तसं अरे म्हटलेलं नाही.

उन्हाळ्याचं काय सांगू! त्या पत्र्याखाली मे महिन्यात भाकरी थापून नुसती भिंतीला चिकटवली की फुगायची. नरसम्मा बिड्या गच्चीवर वाळत टाकायची तर त्या ओढायच्या आधीच संपायच्या. आम्ही फरशीवर पाणी ओतून त्यावर निजायचो, आणि निजल्या-निजल्या ती माझी तपासणी करायची. हा घोरतो, पण कुशीवर नाही. हा ताटात शेंगाचटणी आधी संपवतो आणि मग माझ्या ताटात बघतो. याला राग आला की हा बोलत नाही, जास्त बोलतो. ती हे सगळं तोंडानं म्हणायची, कारखान्यातल्या रजिस्टरात लिहितात तशा आवाजात, आणि शेवटी म्हणायची, "पास. पुढं."

मीही तिला तपासायचो. तिच्या वडिलांचा फोन आला आणि "वसतिगृहात आहे, बाबा" म्हणायची वेळ आली की तिला उचकी लागायची. दर वेळी. फोन ठेवून ती तांब्याभर पाणी प्यायची. माझ्यासारख्याला, ज्याची जीभ जन्मताच उलटी बसवलेली, ती उचकी म्हणजे एक नवलच होतं. मी म्हणायचो, "दोन खोट्यात तुझी ही गत. तू माझ्याकडं शिकवणीला ये." ती म्हणायची, "तू माझ्याकडं ये."

पाण्याच्या दिवशी आम्ही दोघं उजाडताच उठायचो. पिंप, कळश्या, घागरी, पातेली, वाट्यासुद्धा. तिला रेल्वेच्या घरातली शिस्त. प्रत्येक भांड्याचा नंबर ठरलेला. भरून झाल्यावर ती पिंपावर हात ठेवून उभी राहायची, गाडी वेळेवर सुटल्यासारखी.

पण सगळ्यात मला आठवते ती संध्याकाळ. कुठलीही. पाळीवरून आलो की ती खिडकीखाली बसायची आणि मी तिच्या गुडघ्याशी डोकं टेकायचो. टॉवेलच्या कारखान्यात दिवसभर सुताचं तूस उडतं, बारीक पांढरं, पिसासारखं. ते केसांत, भुवयांत, कानामागं जाऊन बसतं. पाळी सुटल्यावर आम्ही सगळे म्हातारे होऊन बाहेर पडायचो. ती खोबरेल लावून फणीनं ते तूस काढायची. तळहातावर त्याची गोळी करायची आणि खिडकीत ठेवायची. त्या वर्षी गल्लीतल्या चिमण्यांची घरटी मोठ्या हॉटेलांच्या टॉवेलांची होती. चिमण्या अंड्यांवरून उठायला तयार नव्हत्या. फणी चालू असताना ती विचारायची, "आज काय झालं कामावर?" आणि मी सांगायचो. खरं सांगायचो. कुठला माग अडला, धोटा कुणाच्या अंगावर उडाला, मुकादम कुणावर भुंकला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सपक बोलणं मी त्या खिडकीखाली बोललो, आणि ती ते गाणं ऐकावं तसं ऐकायची.

दसऱ्याला मागांची पूजा झाली, झेंडूचे हार पडले. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी माझं काम गेलं. का गेलं ते सोडा. गेलं.

सायकल ढकलत परत येताना मी ठरवलं होतं, जिना चढायचा, कडी लावायची आणि सांगायचं. वैशाली अजून कामावर होती. संध्याकाळी आली की पहिलं वाक्य हेच. पण जिन्याखाली नरसम्मानं विचारलं, "काय रे, लवकर?" आणि मी म्हणालो, "मालकाच्या म्हशीला रेडकू झालं अक्का, सगळ्यांना सुट्टी." ते इतकं झकास जमलं की मलाच हसू आलं. दाराशी मी चप्पल काढली. ते खोटं तेवढं काढायचं राहिलं.

संध्याकाळी फणी फिरली आणि थांबली. "आज तूस नाही?"

"साफसफाई होती," मी म्हणालो.

"अच्छा," ती म्हणाली, आणि फणी पुढं चालवली. रिकाम्या केसांतून.

आता या खोलीत पोत्यावर बसून मला वाटतं की तिथंही वेळ गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. तिसऱ्या दिवशी. गड्ड्याला अडीच महिने होते. मला वाटलं, तेवढ्यात दुसरं काम लागेल, आणि मग हे तिला सांगायची गोष्ट होऊन जाईल, हसत सांगायची. आणि ट्रायलमध्ये नापास माल कोण दाखवतं?

म्हणून मी रोज डबा घेऊन निघायचो. एमआयडीसीकडं वळण्याऐवजी उलट्या दिशेनं सिद्धेश्वराच्या तळ्यावर. तिथं आठ तास कट्ट्यावर बसायचो, पूर्ण पाळी. पाणबगळे बघायचो. त्या पाण्याला शेवाळाचा आणि शिळ्या फुलांचा वास येतो; अजूनही मी तिकडून जाताना नाक धरतो. डबा बाराच्या ठोक्याला उघडायचो, कारण तिनं तो बाराच्या हिशेबानं भरलेला असायचा. आणि संध्याकाळी तिला सांगायला त्या दिवशी कारखान्यात काय काय घडलं, ते तिथं बसून एक-एक धागा घेत विणायचो. काम नसलेला माणूस इतकं काम करतो हे मला तेव्हा कळलं. आणि घरी परतताना, गल्लीच्या तोंडाला, शेजारच्या शेडच्या खिडकीची जाळी होती. तिच्यावर मागांचं तूस साचलेलं असायचं, बोट-बोट जाड. मी ते खरवडायचो, उभ्या केलेल्या एखाद्या मोटारसायकलच्या आरशात बघायचो, आणि केसांत चोळायचो. थोडं भुवयांना. थोडं कानामागं.

कलाकारी होती ती. मुकादमानंही पाळी दिली असती मला.

फक्त एक गोष्ट माझ्यासारख्या दहा वर्षं माग सांभाळलेल्या जॉबरच्या ध्यानात आली नाही. त्या शेडमध्ये चादरी निघायच्या. चादरीचं सूत खळीत बुडवलेलं, कडक. त्याचं तूस आखूड आणि बोटाला खरखरीत लागतं, वाळलेल्या भातासारखं. टॉवेलचं तूस मऊ, लांब, फुंकलं तर तरंगणारं. आणि चादरीत रंग असतो. मी पांढरं-पांढरं तेवढं निवडून घ्यायचो, पण एखादं तांबडं कुसळ राहतंच. हे मी कुणाच्या बोटांखाली घेऊन जात होतो? जी दिवसाला पाचशे टॉवेल नुसत्या स्पर्शानं पास-नापास करायची तिच्या.

पहिल्या संध्याकाळी तिनं चिमूटभर तूस दोन बोटांत घेऊन चोळलं. मला वाटलं, गोळी करतेय.

"आज कुठला माल होता?"

"पांढराच की. मोठ्या हॉटेलचा. बघ ना, केवढं तूस!"

"व्हय," ती म्हणाली. ती कधी व्हय म्हणत नसे. तो माझा शब्द होता.

मग रोज तसंच. ती खोबरेल लावायची, फणी फिरवायची, मी आणलेलं खोटं तूस काळजीपूर्वक काढायची आणि विचारायची, "आज काय झालं कामावर?" आणि मी सांगायचो. माझी गोष्ट रोज चांगली होत गेली. सपक काही उरलंच नाही. ती आधी मधेमधे हूं म्हणायची, मग तेही थांबलं. थंडी पडली, बाजारात हुरडा आला, तिनं तो तव्यावर परतून तिळाच्या चटणीबरोबर माझ्या पुढं ठेवला. खिडकीतल्या गोळ्या चिमण्या नेईनाशा झाल्या. मी म्हणालो, थंडीमुळं असेल.

संक्रांतीच्या आधी आम्ही रजिस्टर लग्नाच्या कागदांसाठी फोटो काढायला गेलो. फोटोवाला मला म्हणाला, "डोकं जरा झाडा की, पांढरं पडलंय." मी हात वर केला तर वैशाली म्हणाली, "राहू द्या. त्यांच्या कामाचं आहे ते." आणि माझ्याकडं बघितलं. इतका वेळ बघितलं की फोटोवाल्यानं दिवा बंद करून परत लावला. मी मान ताठ करून कॅमेऱ्याकडं बघत राहिलो. त्या फोटोत मी लई उमदा दिसतो.

गड्डा संपला. दुसऱ्या दिवशी कचेरीत जायचं होतं. संध्याकाळी ऊन अजून खिडकीत होतं, शेडमध्ये पाळी बदलत होती, माग थोडा वेळ शांत झाले होते. ती खिडकीखाली बसली, मी डोकं टेकलं. तिनं फणी हातात घेतली, पण केसांत घातली नाही.

"आज काय झालं कामावर?" आणि मग, जरा थांबून, "आज नीट सांग. मी ऐकतेय."

त्या दिवशी मी जे सांगितलं ते माझ्या आयुष्यातलं अव्वल होतं. आठ नंबरचा माग आपोआप सुरू झाला. ताण्याचा बीम नाही, बाण्याचा धोटा नाही. आणि टॉवेल निघाला त्याच्या काठावर तुझं नाव, माझं नाव, मधे रेल्वेचा रूळ! मुकादमानं हात जोडले, मालकानं नारळ फोडला, तो नारळ आतून टॉवेलसारखा मऊ. ती हसली. अशी हसली की तिच्या गुडघ्यावरचं माझं डोकं हलत होतं. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. वर्षभरात तिला एवढं हसवणं मला जमलं नव्हतं, आणि मी मनात म्हणालो, पास.

मग तिनं फणी पुसून खिडकीत ठेवली, आणि म्हणाली, "अहो, जेवून घ्या."

दाराला कडी होती. आत आम्ही दोघंच होतो.

सकाळी पाण्याचा दिवस होता. तिनं मला उठवलं नाही. मी उठलो तेव्हा पिंप, कळश्या, घागरी, वाट्यासुद्धा भरलेल्या होत्या, आणि तिची बॅग दाराशी होती. काळे मणी घडी केलेल्या टॉवेलवर ठेवलेले.

"तुझा डबा घरी राहिला होता एकदा," ती म्हणाली, "दिवाळीनंतर आठव्या दिवशी. मी द्यायला गेले होते गेटवर."

मी मणी उचलले आणि परत टॉवेलवर ठेवले.

"मला कामाचं काही नव्हतं रे. काम काय, लागतं." ती खाली बघून बॅगेची चेन लावत होती. "गल्लीला तू काय काय सांगतोस ते ऐकून मी हसायचे, कारण मला वाटायचं, मला एकटीला हा खरं सांगतो. मी या घरात राहायला आले होते. तू मला गल्लीतच ठेवलंस."

"अगं, ऐक तर खरं. त्या दिवशी काय झालं..."

"बघ," ती म्हणाली. "तुझी प्रत्येक गोष्ट अशीच सुरू होते."

खाली उतरताना तिच्या चपलांचा आवाज आला. मग जिन्याखाली बराच वेळ काही नाही. नरसम्मापाशी टेकली असेल. मग चपला पुन्हा वाजल्या आणि गल्लीत विरल्या. कुर्डुवाडीला जाणारी गाडी होती, आणि ती गाडी चुकवणाऱ्यांतली नव्हती.

तिनं भरलेलं पाणी मी नऊ दिवस पुरवलं. मधे दोनदा नळाला पाणी आलं, मी भरलं नाही. शेवटी वाटीतलं पाणी उरलं, त्यात शेडमधलं तूस पडलं होतं. ते बोटानं बाजूला करून प्यायलो. यात एक अक्षर वाढवलेलं नाही.

ती आता कुठं आहे मला माहीत नाही. खोटं सांगायचं तर दहा ठिकाणं सांगेन.

ती गेली त्याच दिवशी दुपारी मी खाली उतरलो तर नरसम्मा सुपावरून डोकं न उचलता म्हणाली, "कुठं गेली सूनबाई?"

"बाळंतपणाला," मी म्हणालो. "पहिलं माहेरी असतं ना अक्का."

गल्लीला आनंद झाला. काही महिन्यांनी मी खोली सोडली तेव्हा लोकांनी विचारलं, काय झालं? मुलगी झाली म्हणालो. नरसम्मानं जुन्या मऊ लुगड्याचं झबलं शिवून दिलं, बिडीच्या दोऱ्यानं. इस्त्रीवाल्यानं नाव विचारलं, मी सई सांगितलं. पुढं मागांऐवजी मोटारी दुरुस्त करायला लागलो, आणि इथं कामाला आलो की जिन्याखाली वाकल्या-वाकल्या सईला दात यायचे, ती चालायला लागायची, शाळेत जायची. गोवर झाला तिला एकदा, तेव्हा गल्लीनं अंगारा पाठवला. बाप म्हणून मी काही कमी केलं नाही.

परवा पोत्यावरून उठलो, खाली आलो. मोटारीचं बेअरिंग गेलं होतं; बदललं. हात पुसले. नरसम्मा नुसती बसली होती, बोटं चालू.

"पोरगी कितवीत गेली रे?"

वरच्या खोलीचा वास अजून अंगाला होता. मी तिच्या समोर जमिनीवर बसलो.

"अक्का, पोरगी नाही. लग्नच झालं नव्हतं आमचं. कधीच. वर्षभर बघून ठरवणार होतो. तिनं ठरवलं."

बोटं थांबली नाहीत. एक बिडी झाली, दोरा तुटला, दुसरी सुरू झाली.

"माहिती हाय मला," ती म्हणाली.

"काय माहिती आहे?"

"सगळं. त्या दिवशी हितंच बसून सांगून गेली ती. रडली नाय. पानं कापून दिली मला पाव सूप." मग म्हणाली, "आन् मला तर आधीपासूनच वाटत होतं. लग्नाचं एवढं कोण सांगतो? लग्न झालेला माणूस लग्नाचं नावबी काढत नाय."

"मग झबलं कशाला शिवलंस?"

"तू लई वाळला होता. काय तरी द्यायला पायजे होतं."

शेजारच्या शेडमध्ये पाळी सुटली असावी. माग एकेक करून थांबत गेले. गल्लीत सायकलींच्या घंट्या वाजल्या.

"मग दर वेळी विचारतेस कशाला अक्का, कितवीत गेली म्हणून?"

तिनं गेलेल्या डोळ्यांनी माझ्या बाजूला बघितलं.

"दुसरं काय इचारू तुला?"

तिनं तयार बिड्यांची जुडी बांधली, सुपाच्या कडेला ठेवली, नवं पान घेतलं.

"सांग की," ती म्हणाली. "कितवीत?"

"चौथीत," मी म्हणालो. "खोटं अजिबात बोलत नाही, अक्का. आईवर गेलीय."